लघवी तपासायचं घरगुती साधन: आधी न्हाणी बघ, मग मोबाईल

बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या, खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून आलेल्या मुलीचा प्रश्न आहे. तिच्या गटाने प्रोजेक्ट म्हणून घरच्या घरी लघवी तपासायचं साधन घेतलंय. रसायन लावलेली पट्टी लघवीत बुडवायची, मोबाईलने फोटो काढायचा, ॲप रंग ओळखून निकाल सांगणार. तिच्या आज्जीला बारा वर्षांपासून शुगर आहे आणि हे साधन आज्जीला एकटीला वापरता यावं अशी तिची इच्छा आहे. ते सोपं आणि स्वच्छ होण्यासाठी काय काय लक्षात घ्यावं, असं तिने विचारलंय.

बाळ, मी 28 वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून काम करतेय. आधी दवाखान्यात, मग स्वतःच्या छोट्या लॅबमध्ये. गेली काही वर्षं उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या मोल्डिंगवाल्याला हाताशी धरून नमुना गोळा करायची साधनं बनवून बघतेय. त्यातली बरीच फसली. जे सांगते ते त्या फसण्यातून आलेलं आहे.

तुझ्या प्रश्नात पट्टी आहे, मोबाईल आहे, ॲप आहे. लघवी अंगातून निघून पट्टीपर्यंत कशी पोचणार, हे मात्र त्यात कुठंच नाही. आणि सगळं अडतं ते तिथंच. रंग ओळखणारं ॲप तुमचा गट महिनाभरात उभं करेल. आज्जीच्या हातात द्यायचं भांडं जमायला मला चार वर्षं लागली.

घरगुती साधन कुठलंही असो, मी ते एकाच प्रश्नावर पारखते: सगळं झाल्यावर दोन्ही हात कोरडे आहेत का? हात ओला झाला की बाई ते साधन पुन्हा हातात धरत नाही. शिवाय त्याच ओल्या बोटांनी ती पट्ट्यांची डबी उघडते आणि उरलेल्या सगळ्या पट्ट्या खराब होतात. तीच बोटं मग नळाला, कडीला, मोबाईलला लागतात. स्वच्छता आणि अचूकपणा या इथं दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आता आज्जीची न्हाणी डोळ्यांपुढे आण. तुमच्या भागात घरोघरी मी पाहिलंय, संडास मागच्या परसात असतो आणि म्हाताऱ्या बायका लघवीला न्हाणीतच बसतात. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात हंडा, वर मिणमिणता बल्ब. आज्जीचं लुगडं नऊवारी. बसताना एका हाताने ते आवरायचं, गुडघे दुखतात म्हणून दुसरा हात भिंतीला किंवा नळाला. मग नमुन्याची डबी धरायला तिसरा हात कुठून आणायचा? बाहेरदेशी बनलेली बहुतेक साधनं हे गृहीत धरतात की माणूस कमोडवर बसलाय, पाठ टेकलेली आहे, दोन्ही हात मोकळे आहेत आणि खाली हातभर पोकळी आहे. उकिडवं बसल्यावर अंग आणि फरशी यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरते. लॅबमधून देतात ती उभी डबी आणि तिच्याखाली धरलेला हात, दोन्ही त्या जागेत नीट मावत नाहीत. मग डबी तिरकी होते आणि धार बोटांवर येते. बायका माझ्याकडे नमुना आणतात तेव्हा डबी बाहेरून पुसलेली असते, पण लेबलची शाई फाकलेली असते. ती फाकलेली शाई बघूनच मला कळतं की हात ओला झाला होता.

म्हणून मी उभ्या भांड्याचा नाद सोडला आणि द्रोणाकडे वळले. आपला जेवणातला द्रोण. पसरट, उथळ, कडा तिरक्या. पान मात्र वापरायचं नाही, त्यातला रस उतरून रंग बिघडू शकतो. कागद वापरायचा, चहाच्या कपाचा असतो तसा आतून मेणचट थर दिलेला. हे कप बनवणारी छोटी यंत्रं आता बऱ्याच गावांत घरगुती धंदा म्हणून चालतात, त्यामुळे कागद मिळायला अडचण नाही.

पहिला नमुना मी साध्या कपाला काडी जोडून केला. भरत आला की पुढचं वजन वाढायचं आणि मनगट वळून सगळं सांडायचं. दुसऱ्यात पसरट द्रोण आणि त्याच कागदाची लांब मूठ काढली. तो सांडला नाही, पण हात तरीही ओला झाला आणि का ते दोन दिवस कळेना. मग भिंगातून बघितलं तेव्हा दिसलं: कागद जिथं कापलेला असतो तिथं वरचा थर नसतो, आणि त्या उघड्या कडेतून ओल दिव्याच्या वातीसारखी वर चढत मुठीपर्यंत येत होती. चहाच्या कपाची वरची कड गुंडाळलेली का असते ते त्या दिवशी नीट समजलं. तिसऱ्या नमुन्यात कड दुमडली, मूठ अंगठ्याच्या पेरभर वर उचलली आणि मुठीच्या विरुद्ध बाजूची कड मुद्दाम खाली ठेवली. जास्तीची लघवी त्या खालच्या कडेवरून पुढे, हातापासून लांब ओघळून जाते. तळाशी अंगठा मावेल एवढा खोलगट भाग ठेवला. त्यात साधारण 10 मिली राहते, पट्टीला तेवढी पुरते.

याची चाचणी कशी घ्यायची तेही सांगते, कारण तुम्हाला ती करावी लागेल आणि त्यासाठी लघवी लागत नाही. पाण्यात जिलेबीचा रंग घाल. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून धार सोड, उकिडवं बसल्यावर जेवढी उंची असते तेवढ्यावरून. खाली जुनी पांढरी चादर अंथर, हातात पांढरे सुती मोजे घाल. मग चादरीवरचे आणि मोज्यांवरचे केशरी ठिपके मोज. आम्ही असे कितीतरी द्रोण तपासले. त्यातून कळलं की धार सपाट तळावर सरळ पडली की उसळते, आणि तिरक्या भिंतीवर पडली की भिंत धरून गुपचूप खाली उतरते. म्हणून मुठीकडची भिंत तिरकी आणि लांब हवी. सपाट तळाचा द्रोण दिसायला छान होता, पण मोज्यावर ठिपके त्याचेच सगळ्यांत जास्त.

आणखी एक. आज्जीला आधी उठायचं असतं, लुगडं सावरायचं असतं, पाणी घ्यायचं असतं. तोवर द्रोण कुठं ठेवणार? तो फरशीवर आपला आपण उभा राहायला हवा, आणि न्हाणीची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उतरती असते. दोन कान दुमडून पाय केले की तो तग धरतो. काम झालं की उरलेली लघवी तिथंच ओतायची आणि द्रोण असा दुमडायचा की ओली बाजू आत जाईल. ही घडी कागदावर आधीच पाडून ठेव, नाहीतर कोणी ती घालत नाही.

पट्टी द्रोणाच्या तळाशीच चिकटवून टाकावी म्हणजे बुडवायचा प्रश्नच नको, असं तुमच्या गटात कुणीतरी सुचवेल. मीही करून बघितलं. पट्टीवरच्या चौकोनांमध्ये सुकवलेली रसायनं असतात. त्यांच्यावर थेट धार पडली किंवा ती जास्त वेळ बुडून राहिली की रसायन धुऊन निघतं आणि रंग फिका येतो. म्हणून बुडवायची ती क्षणभरच. प्रेग्नन्सी टेस्टच्या काही कांड्यांवर थेट धार चालते, कारण त्यांच्या टोकाला शोषून घेणारी वात असते. दहा चौकोनांच्या पट्टीला ती सोय नाही.

भांडं पुन्हा वापरायचं की टाकायचं, यावर माझं मत ठाम आहे: टाकायचं. यात स्वच्छतेपेक्षाही मोठा मुद्दा खोट्या निकालाचा आहे. काही वर्षांपूर्वी चिकोडीकडच्या एका शेतकऱ्याचा नमुना आला. साखरेचा चौकोन गच्च रंगलेला, आणि रक्तातली साखर मात्र अगदी ठीक. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्या वेळी मी बाटलीचा वास घेतला आणि विचारलं, "मामा, ही बाटली कशाची?" म्हणाले, "काकवीची हाय की. धुतलीया चांगली." गुऱ्हाळावरून काकवी आणलेली बाटली. काकवीत ग्लुकोज असतंच, आणि चौकोनातलं रसायन ग्लुकोज ओळखतं, ते लघवीतलं की बाटलीतलं हे त्याला कळत नाही. तो माणूस आठ दिवस गोड सोडून काळजीत बसला होता.

बरं, भांडं घासून घ्या म्हणावं तर तिथंही घोळ. ब्लीचिंग पावडर किंवा तसल्या क्लोरीनवाल्या क्लीनरचा अंश राहिला तर साखर आणि रक्त दोन्ही चौकोन खोटे रंगतात. काही जंतुनाशकांचा अंश राहिला की प्रोटीनचा चौकोन खोटा हिरवा होतो. म्हणजे जी बाई जास्त काळजीने भांडं स्वच्छ करते तिचाच निकाल जास्त चुकतो. अंग धुण्यालाही हेच लागू आहे. आधी साध्या पाण्याने, पुढून मागे असं धुवायचं, डेटॉल-बिटॉल काही नको. पहिली थोडी धार सोडायची आणि मधली घ्यायची. म्हातारपणी धार मध्येच रोखता येत नाही, म्हणून रोखायला सांगू नकोस. चालू धारेत द्रोण सरकवता आला पाहिजे, आणि लांब मूठ त्यासाठीच आहे.

आता खरा अवघड प्रश्न: आज्जीच्या लघवीत तपासायचं काय? तुमच्या गटाने बहुधा दहा चौकोनांची पट्टी घेतली असेल, दहा गोष्टी कळतात म्हणून. माझा सल्ला, दहा घेऊ नका.

आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात, लघवीला मुंग्या लागल्या. मी शिकले तेव्हा लघवीतली साखर बघायला बेनेडिक्टची परीक्षा करायचो. 5 मिली निळं द्रावण, 8 थेंब लघवी, आणि उकळायचं. हिरवं, पिवळं, नारिंगी, शेवटी विटकरी. अमेरिकेत हेलन फ्री आणि आल्फ्रेड फ्री या जोडप्याने ग्लुकोजची 'बुडवा आणि वाचा' पट्टी बनवली, ती 1956 साली बाजारात आली आणि हळूहळू उकळणं मागे पडलं. त्या काळात रक्तातली साखर घरी मोजायची सोयच नव्हती, म्हणून ती पट्टी मोठी गोष्ट होती. आज ग्लुकोमीटर आहे. रक्तातली साखर डेसिलिटरला, म्हणजे 100 मिलीला, साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. शिवाय मूत्राशयात चार तासांपासून साठलेली लघवी चार तासांची सरासरी सांगते, आत्ताचं काही सांगत नाही. साखर फार खाली गेली आणि आज्जीला चक्कर येतेय, तरी पट्टी शांतच राहणार. त्यात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता सर्रास चालतात. त्यांचं कामच मुळी साखर लघवीवाटे बाहेर टाकायचं. ती गोळी घेणाऱ्या माणसाचा चौकोन रक्तातली साखर उत्तम असली तरी गच्च रंगतो. घरातले घाबरतात, आणि कोणी डॉक्टरांना न विचारता गोळी वाढवतं. एवढ्यासाठी मी सांगते, आज्जीची साखर बोटातूनच बघा.

लघवीतून आज्जीचं जे कळायला हवं ते मूत्रपिंडाचं, म्हणजे प्रोटीन. पण तिथंही साधी पट्टी उशिरा बोलते. मधुमेहात मूत्रपिंडाला पहिला त्रास सुरू होतो तेव्हा अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन फार थोडं गळत असतं, ते साध्या चौकोनाला दिसत नाही. त्यासाठी लॅबमध्ये अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण काढतात, ते ग्रॅममागे 30 मिलिग्रॅमच्या आत असावं, आणि शुगरच्या माणसाने ते वर्षातून एकदा करायचंच असतं. तुमच्या साधनावर "प्रोटीन नाही" असं आलं म्हणजे मूत्रपिंड ठीक, असा अर्थ कुणी काढू नये, हे त्या कागदावर मोठ्या अक्षरांत हवं. साधनाला काय दिसत नाही ते सांगणं हा डिझाईनचाच भाग आहे.

जंतुसंसर्गाचे दोन चौकोन, नायट्राइट आणि पांढऱ्या पेशींचा, यांच्याबद्दल मी वर्षानुवर्षं विचार करत आलेय. बहुतेक जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, पण त्याला लघवी चारेक तास आत साठलेली लागते. म्हणून सकाळची पहिली घ्यायची. उसाच्या फडात राबणाऱ्या बायका आडोसा नाही म्हणून दिवसभर लघवी धरून ठेवतात, पाणीही कमी पितात, आणि जळजळ घेऊन संध्याकाळी येतात. त्यांना घरच्या घरी कळलं तर उपयोग होतो, पुढच्याच दिवशी दवाखान्यात जाता येतं. पण तुझ्या आज्जीच्या वयात काही त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडतात आणि त्याला औषध द्यायचं नसतं. चौकोन गुलाबी झाला की घरातलं कोणीतरी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणणार, हे मी रोज बघते. गरोदर बाईचं मात्र उलट आहे, तिला त्रास नसला तरी उपचार लागतात. एकच रंग आणि दोन घरांत दोन अर्थ. म्हणून एकाच पट्टीत सगळ्यांना बसवू नका. आज्जीसाठी प्रोटीन एवढंच ठेवा, आणि जळजळ, ताप असा त्रास असेल तरच उघडायचं संसर्गाचं पाकीट वेगळं ठेवा.

गरोदरपणाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं जास्त बोलते, कारण घरी प्रोटीन बघण्याचा सगळ्यांत मोठा उपयोग मला तिथं वाटतो. पाचव्या महिन्यानंतर बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाऊ लागलं तर ते आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येऊ शकतं. चौकोनावर 1 प्लस म्हणजे डेसिलिटरला साधारण 30 मिलिग्रॅम, 2 प्लस म्हणजे 100. अंगावरून पांढरं जात असेल तर ते मिसळून खोटं प्लस येतं, इथंही मधली धारच हवी. आणि डोकं सतत दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, चेहरा आणि हात सुजलेत, तर पट्टी काहीही सांगो, गाडी काढायची. बीपी मोजल्याशिवाय नुसत्या पट्टीवर विसंबायचं नाही. हे वाक्य कन्नडमध्येही छाप. आपल्या सीमाभागात एकाच घरात सासू मराठी वाचते आणि सून कन्नड शाळेत शिकलेली असते. दोन्ही भाषा आणि सोबत चित्रं, याला पर्याय नाही.

प्रेग्नन्सी किटचंही बघ. आशाताई निश्चय किट देतात, मेडिकलमध्येही स्वस्तात मिळतं. बहुतेकांत कॅसेट, म्हणजे निकाल दाखवणारी प्लॅस्टिकची चपटी डबी येते, ड्रॉपर येतो, सुकं ठेवणारी पुडी येते. कप येत नाही. मग बाई काय वापरते? औषधाचं झाकण, जुनी वाटी, चहाचा कागदी कप. निपाणीकडची एक नवी सून मला म्हणाली, "मॅडम, वाटी घेतली आणि नंतर ती कुठं टाकू कळेना. घासून परत ठेवायला मन होईना, टाकली तर सासूबाई वाटी मोजतात." एवढ्याशा कागदी द्रोणाने तिचा तो त्रास वाचला असता. वापरलेली कॅसेट कुठं टाकायची हा तिचा दुसरा प्रश्न. ती बंबात जाते नाहीतर उकिरड्यावर. बंबात प्लॅस्टिकचा धूर आणि वास, उकिरड्यावर कुणीतरी बघेल ही भीती. म्हणून साधनात प्लॅस्टिक कमीत कमी ठेव आणि घडी घातल्यावर ते बाहेरून कशाचं आहे ते ओळखू येऊ देऊ नकोस. नमुना फ्रिजमध्ये ठेवा, असंही कुठं लिहू नकोस. ज्या फ्रिजात दूध आणि देवाचा प्रसाद आहे तिथं लघवी कोणी ठेवणार नाही, आणि ते मला चुकीचंही वाटत नाही. जिथं बसलो तिथंच बुडवून, तिथंच टाकून मोकळं व्हायचं, असंच साधन हवं. लघवी दोन तासांहून जास्त उघडी राहिली की तिचा भरवसा नाहीच.

पट्टीच्या पॅकिंगकडे लोक दुर्लक्ष करतात. शंभर पट्ट्यांची डबी ही लॅबसाठी बनलेली असते, आमच्याकडे ती आठवड्यात संपते. घरात ती दोन वर्षं पुरेल, आणि उघडल्यावर तीनेक महिन्यांत वापरायची असते. कणकुंबीकडे पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर ओला होतो. तिथं झाकण दहा मिनिटं उघडं राहिलं तरी पट्टी दमट होते. नायट्राइटचा चौकोन नुसत्या हवेनेसुद्धा गुलाबी होऊ लागतो. अथणीकडे उलटं, पत्र्याच्या घरात मे महिन्यात 30 अंशांच्या वर सहज जातं, आणि बहुतेक डब्यांवर 30 च्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. एकाच जिल्ह्यात ही दोन टोकं आहेत. एकेक पट्टी वेगळ्या पाकिटात महाग पडेल, पण घरासाठी तेच योग्य. पाकीट कोरड्या हाताने दातांशिवाय फाटलं पाहिजे. म्हाताऱ्या बोटांनी ते फाटतंय का, हे तुम्ही मुलांनी ठरवायचं नाही, आज्जीकडून फाडून घ्यायचं.

आता तुझा मोबाईल. तो न्हाणीत न्यायचा नाही, हे आधी ठरव. बुडवल्यावर पट्टीची कड द्रोणाच्या कडेला टेकवून जास्तीची लघवी काढायची आणि पट्टी आडवी ठेवायची. उभी धरली की एका चौकोनातलं रसायन ओघळून शेजारच्यात जातं आणि तोही रंग बिघडतो. चौकोन कमी असले की हाही त्रास कमी, बघ. आडवी ठेवायला जाड कागदाचं कार्ड कर, त्यात पट्टी सरकवायची खाच, आणि खाचेला लागूनच रंगांचे छापील चौकोन. पिवळ्या बल्बखाली आणि ट्यूबलाईटखाली एकच हिरवा वेगळा दिसतो. छापील रंग आणि पट्टी एकाच फोटोत, एकाच उजेडात असतील तरच ॲपला तुलना करता येते. पट्टी ओली असताना चमकते, तेव्हा फ्लॅश बंद. आणि वेळ: साखरेला 30 सेकंद, प्रोटीनला 60, पांढऱ्या पेशींना 120, असं प्रत्येकाचं वेगळं. पाच मिनिटांनी काढलेला फोटो कामाचा नाही. रंगांचं कार्ड ज्या कंपनीची पट्टी त्याच कंपनीच्या तक्त्यावरून करा, दुसऱ्याचं चालत नाही.

पण आज्जीने हा फोटो काढायचा कुणाकडून? नातवाकडून? ती लाजणार. म्हणून निकाल मोबाईलशिवायही वाचता यायला हवा. 1967 साली मार्गारेट क्रेन नावाची एक ग्राफिक डिझायनर अमेरिकेत एका औषध कंपनीत काम करत होती. तिथल्या लॅबमध्ये तिने आरशावर मांडलेल्या परीक्षानळ्या बघितल्या. नळीच्या तळाशी उमटणारं कडं खालच्या आरशात दिसायचं. ती गरोदरपणाची चाचणी होती. हे बाईला घरीच करता येईल, असं म्हणून तिने एक पारदर्शक डबी बनवली: वर नळी, खाली तिरका आरसा, सोबत ड्रॉपर. घरगुती प्रेग्नन्सी टेस्टची सुरुवात तिथून झाली. तिने काही नवं रसायन शोधलं नव्हतं. जे होतं ते बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल असं मांडलं. तू तेच कर. प्रोटीनचा चौकोन पिवळ्यापासून पोपटी आणि पुढे मोरपंखी होत जातो. आज्जीला "1 प्लस" म्हणून काही कळणार नाही, "पोपटी झालं तर डॉक्टरांना दाखव" हे कळेल. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला फिकट पिवळा आणि फिकट पोपटी यांतला फरक दिसत नाही, म्हणून छापील चौकोन नखाएवढे नकोत, रुपयाच्या नाण्याएवढे कर, आणि कार्ड खिडकीशी नेऊन बघायला सांग.

ॲपची परीक्षा घ्यायला आधीच माणसांचे नमुने मागू नका. त्यासाठी कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी आणि देणाऱ्याची लेखी संमती लागते, घरच्यांचीसुद्धा. सुरुवात स्वयंपाकघरातून करा. 1 ग्रॅम ग्लुकोज 100 मिली पाण्यात विरघळवलं की डेसिलिटरला 1000 मिलिग्रॅमचं द्रावण होतं. दर वेळी त्यात तेवढंच पाणी घालत 500, 250 असे टप्पे करा. प्रोटीनसाठी अंड्याचा पांढरा भाग 1 मिली मोजून 100 मिली पाण्यात नीट ढवळा आणि फडक्यातून गाळा, साधारण 100 मिलिग्रॅमच्या आसपास येतं. खऱ्या लघवीची सर त्याला नाही, पण कॅमेरा आणि कार्ड ठीक करायला पुरतं.

परवान्याचं थोडक्यात: भारतात वैद्यकीय उपकरण नियम, 2017 लागू आहेत, धोक्याप्रमाणे ए ते डी असे चार वर्ग आहेत. नमुना घ्यायचं भांडं सगळ्यांत कमी धोक्याच्या वर्गात बसतं, माणसाने स्वतः करायची चाचणी त्याच्या बरीच वर. म्हणून पट्टी स्वतः बनवायच्या फंदात पडू नका. परवाना असलेली पट्टी विकत घ्या आणि द्रोण, खाच, कार्ड एवढ्यावर वर्ष घालवा.

या शनिवारी गावी जाशील तेव्हा ॲपचा लॅपटॉप इथंच ठेव. टेप घेऊन जा. न्हाणीची रुंदी मोज, फरशीचा उतार कुठल्या बाजूला आहे ते बघ, बल्ब कुठं आहे ते बघ. आज्जी बसताना कुठल्या हाताने कशाला धरते ते तिला विचार, ती नुसतं बसून दाखवेल. तो हात मोकळा धरायचा नाही, तुझ्या द्रोणाची मूठ दुसऱ्या हातासाठी हवी. आणि तिच्या गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं लिहून आण. त्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन निघालं, तर साखरेचा चौकोन काढायचा की ठेवायचा यावर तुमच्या गटात वाद घालायचं कारणच उरणार नाही.